सात नंबरचा ओढा

आमचे घरमालक आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा त्यांनी ताट यायच्या आधी टेबलावर लेव्हल ठेवली. गवंड्याकडे असते तसली लाकडी पट्टी नव्हे. वीतभर लांबीची, बिडाची, चांगली जड, मखमली पिशवीतून काढलेली. तिच्या पोटात काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा. तो आमच्या नव्याकोऱ्या टेबलावर सावकाश खिडकीच्या बाजूला सरकला. अण्णा वाकून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा काढला, चार घड्या घालून टेबलाच्या एका पायाखाली सारला, बुडबुडा मध्यावर आल्याची खात्री केली आणि म्हणाले, "सरी, झालं ठीक. आता वाढा." तोवर माझा नवरा आमटीचं पातेलं दोन्ही हातांत धरून उभा होता.

त्यानंतरच्या दोन वर्षांत ती लेव्हल मी कुठे कुठे पाहिली, काही विचारू नका. दर्शिनीत उभ्याने कॉफी पितात त्या टेबलावर. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या स्टेजवर. रिक्षाच्या मागच्या सीटवर, तीही रिक्षा चालू असताना. एकदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर. डॉक्टरांना त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमची खुर्ची डावीकडे कलली आहे, म्हणून संध्याकाळी तुमची मान दुखते. डॉक्टरांची मान खरंच दुखत होती. त्यांनी अण्णांकडून त्या दिवशी फी घेतली नाही.

कुणी हसलं तर अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "डोळा खोटं बोलतो, अम्मा. बुडबुडा बोलत नाही."

यातली अम्मा म्हणजे मी. बेंगळूरात वडीलधारी माणसं धाकट्या बायकांनाही अम्मा म्हणतात, हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. आम्ही पुण्याहून आलेले, नोकरीपायी. जे. पी. नगरात घर शोधत होतो आणि फाटकावर 'मोहिते' अशी पाटी दिसली म्हणून आत शिरलो. मालकांचं पूर्ण नाव व्यंकोजीराव मोहिते. लेआउटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, मात्र सगळ्यांचे अण्णा, आणि त्यांची बायको सगळ्यांची अक्का. मी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? अण्णा म्हणाले, "आमची माणसं साडेतीनशे वर्षांमागं घोड्यावरून आली. परत जायचं राहिलं." सिल्क बोर्डाच्या चौकात गाडी अडकावी आणि घरी जायला उशीर व्हावा, अशा सुरात म्हणाले. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड आणि उरलेल्यात काही शब्द इतके जुने की मला माझ्या पणजीलाच विचारायला जावं लागलं असतं. उलट माझी मराठी ऐकून ते अक्कांना म्हणाले होते की, ही टीव्हीतल्यासारखी बोलते.

अण्णांची नोकरी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, मोठी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली. काम एकच, लोखंड सपाट करायचं. म्हणजे यंत्राने सपाट केलेलं लोखंड हाताने आणखी सपाट करायचं. निळा रंग लावून बघायचा, जिथे उंचवटा असेल तिथे रंग उमटतो, तो उंचवटा हातातल्या पातीने खरवडायचा. परत रंग, परत खरवडणं. केसाच्या जाडीचे पन्नास भाग केले तर त्यातल्या एका भागाचा उंचवटा अण्णांना बोटाला कळायचा. सगळा जन्म असा सपाटीत गेलेला हा माणूस, आणि त्याचं प्रेम बसलं ते एका डोंगरावर. तेही जपानच्या.

त्याची हकीकत अशी. तीसेक वर्षांपूर्वी कारखान्याने अण्णांना हे खरवडण्याचं काम आणखी बारकाईने शिकायला सहा महिने जपानला पाठवलं होतं. राहायची खोली एका डोंगराच्या पायथ्याशी होती आणि त्या डोंगरावर एक कंट्री क्लब होता. अख्ख्या उतारावर गोल्फचं मैदान. अण्णांचे गुरू मोरी-सान दर रविवारी तिथे खेळायला जात. परक्या गावात हा शाकाहारी माणूस सुट्टीच्या दिवशी एकटा खोलीत भात आणि लोणचं खात बसतो, हे त्यांना बघवलं नाही. ते अण्णांना बरोबर न्यायला लागले. अण्णांनी सहा महिन्यांत एकदाही काठी हातात धरली नाही. गोल्फमध्ये कोण जिंकतं आणि कसं, हे त्यांना आजही माहीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तो विषय वेगळा."

पण डोंगराचं नाव काढलं की अण्णांचा आवाज खाली यायचा. देवळातून नुकतंच दर्शन घेऊन आलेला माणूस बोलतो तसे ते बोलायचे. डोंगर कसा पायरीपायरीने कातरलेला. काळपट हिरवे पाइन, मधून गवताचे पट्टे, इतके गुळगुळीत की त्यावरून हात फिरवावासा वाटे. सकाळी धुकं खाली दरीत साचलेलं असे आणि पहिल्या नंबरवरून (मैदानातल्या भोकांना अण्णा नंबर म्हणत) मारलेला चेंडू वर जाऊन उन्हात थांबे. अण्णा म्हणत, थांबेच. तेवढ्यात कॉफीचा घोट घेऊन व्हावा. मग तो धुक्यात शिरे आणि खालून कितीतरी वेळाने बारीक टक् असा आवाज येई. उभ्या चढावर रुळांवरून बिनड्रायव्हरची गाडी सामान घेऊन जाई. नऊ नंबर झाले की सगळ्यांनी थांबून जेवायचंच, असा नियम. आणि पांढऱ्या फडक्याने डोकं बांधलेल्या बायका, खेळणाऱ्यांचं सामान सांभाळणाऱ्या. त्यांच्या कमरेला वाळूची पिशवी. काठीच्या फटक्याने जमिनीचा टवका उडाला की ही बाई वाकून तिथे वाळू भरणार, हाताने थापणार आणि जाता जाता दुसऱ्या कुणाच्या फटक्याचे दोन खड्डेही भरून जाणार.

"आपला एक, लोकांचे दोन," अण्णा म्हणत. "कोण बघत नव्हतं, अम्मा. तरी भरायच्या."

आणि मग सात नंबर. तिथे पोचले की अण्णा थांबत. त्या भोकाभोवतीची हिरवळ अशी होती की बघणाऱ्याला वाटे, जमीन डोंगराकडे उतरते आहे. चेंडू मात्र दरीकडे जाई. भले भले खेळाडू तिथे फसत. अण्णांच्या तर डोळ्याची परीक्षा घेऊन कारखान्याने त्यांना निवडलं होतं. त्यांनीही छातीठोकपणे सांगितलं, उतार डावीकडे. चेंडू उजवीकडे गेला. पुढच्या रविवारी अण्णा ही लेव्हल खिशात घालून गेले, हिरवळीवर ठेवली, आणि बुडबुड्यानेही तेच सांगितलं. त्या दिवसापासून अण्णांचा डोळ्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. "सात नंबरला मी बूट काढले," असं म्हणून ते दरवेळी ही गोष्ट संपवत. मला वाटे, भाविक माणूस, इतकी सुंदर जागा बघून काढले असतील बूट.

मी एकदा हौसेने लॅपटॉपवर उपग्रहातून काढलेला त्या डोंगराचा फोटो शोधून दाखवला. अण्णांनी आधी लॅपटॉपवर लेव्हल ठेवली. मग बराच वेळ बघून म्हणाले, "सगळं सपाट दिसतंय. डोंगर कुठं गेला?" वरून डोंगर दिसत नाही, हे मी समजावत होते तोवर त्यांना एका कोपऱ्यात सात नंबर सापडला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. चहा गार झाला तरी बोट तिथेच होतं.

या डोंगराचा आमच्या लेआउटच्या पार्कला जो ताप झाला, तो मात्र सगळ्यांना माहीत होता. पार्कच्या फाटकाची किल्ली अण्णांकडे असे. साडेपाचला फाटक उघडायचं, आणि खांद्याला साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, पिशवीत लाल माती, हातात आमटीची पळी. फिरायच्या वाटेवर जिथे जिथे खळगा, तिथे तिथे अण्णा उकिडवे बसून माती भरणार, थापणार, लेव्हल ठेवणार. कुत्र्यांनी उकरलेलं, क्रिकेटवाल्या पोरांनी स्टंप ठोकलेलं, पावसाने नेलेलं, सगळं. लोक पाठीमागे त्यांना गोल्फ अण्णा म्हणत आणि पुढ्यात आलं की वाट बदलत, कारण सापडलात तर पहिल्या नंबरपासून डोंगर चढावा लागे.

सगळ्यात कीव यायची ती अक्कांची. रोज संध्याकाळी पाचला दोघं पार्कात फिरायला येत. अक्का पुढे, सडपातळ, ताठ, पदर खोचलेला. अण्णा चार पावलं मागे आणि तोंडाने अखंड डोंगर. "एक नंबर सरळ. सरळच. दोन नंबरला पाइनचं झाड, तिथून डावीकडं. तीन नंबर लांब हाय, सावकाश. पाच नंबरला स्वल्प चढ." पार्काची एक फेरी म्हणजे नऊ नंबर. मग क्लबच्या नियमाप्रमाणे बाकावर बसून डब्यातली दोन-दोन कोडबळी, म्हणजे इथली कडबोळी, आणि पुढची फेरी, अठरापर्यंत. तीच वाक्यं, त्याच सुरात, रोज. अक्का हूं का चूं करत नसत. समोरून कुणी आलं की मान किंचित हलवून हसत. मी नवऱ्याला म्हणायची, या बाईच्या सहनशक्तीला कुणीतरी शाल-श्रीफळ दिलं पाहिजे. दोन वर्षांत अख्खं मैदान मलाही पाठ झालं होतं.

घरातही तीच शिस्त. खुर्ची बोटभर सरकलेली अण्णांना खपत नसे. फरशीवर चारही पायांच्या जागी त्यांनी रंगाच्या खुणा केल्या होत्या. मी एकदा खाली भाडेकराराचे कागद द्यायला गेले, स्टूल ओढून बसले आणि उठताना तसंच ठेवलं, तर अण्णा धावत आले आणि स्टूल खुणेवर नेऊन ठेवलं. कारखान्यातली सवय, म्हणाले, हत्याराची जागा ठरलेली असते. अक्का आतून हसल्या. "वरच्या अम्मा आल्या वाटतं," असं त्या मी जिन्यात असतानाच म्हणायच्या, आणि मला त्यांच्या कानांचं कौतुक वाटायचं. पूर्वी त्यांच्या रांगोळ्या बघायला दुसऱ्या गल्लीतून बायका येत, असं ऐकलं होतं. आता का काढत नाही, विचारलं तर म्हणाल्या, कंटाळा आला.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. हजार ओळींत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर तो मला दिसतो, असा माझा लौकिक आहे आणि मला त्याचा गर्वही आहे.

तर झालं असं की पार्कात पाण्याची नवी पाइप टाकायची म्हणून कंत्राटदाराच्या माणसांनी फिरायच्या वाटेवर आडवा चर खणला, त्यावर दोन फळ्या टाकल्या आणि ते निघून गेले. बेंगळूरात चर खणणारे आणि चर बुजवणारे एकाच वर्षात येतील याची खात्री नसते. त्याच आठवड्यात संध्याकाळी मी त्यांच्या मागून चालत होते आणि माझ्या कानांनी चूक पकडली. अण्णा म्हणाले, "सात नंबरच्या आधी ओढा हाय. अरुंद लाकडी पूल. जपून."

मी लगेच गाठलं त्यांना. "अण्णा, सात नंबरला ओढा नव्हता. गेल्या महिन्यापर्यंत नव्हता."

"आता आला," अण्णा म्हणाले.

अण्णांनी चार सकाळी खपून पळीपळीने तो चर बुजवला. ओढा वर्णनातून गेला. कंत्राटदाराच्या माणसांनी येऊन चर परत उकरला, संध्याकाळी ओढा हजर. अण्णांनी परत बुजवला, ओढा आटला. मी हे सगळं टिपून ठेवत होते. म्हटलं, म्हातारपणी गोष्ट घसरायला लागली यांची. एकदा मी टोकलंही, की परवा ओढा होता, काल नव्हता, आज पुन्हा कसा? अण्णा न अडखळता म्हणाले, "डोंगरातला ओढा, अम्मा. वर पाऊस झाला की येतो." चर आणि ओढा एकाच दिवशी यायचे आणि एकाच दिवशी जायचे, हे दोन्ही मला दिसत होतं. ते एकमेकांशेजारी ठेवून बघायचं मात्र मला सुचलं नाही.

तिसऱ्यांदा चर बुजवल्यावर कंत्राटदाराने पार्क समितीकडे तक्रार केली. समितीचे अध्यक्ष वेंकटेशमूर्ती, बँकेतून निवृत्त झालेले, मनाने वाईट नाहीत, पण लेखी काही आलं की त्यांना लेखी उत्तर द्यावंच लागतं. सेक्रेटरी मी, कारण चिडल्याचं न दाखवता इंग्रजी पत्र लिहिता येतं अशी लेआउटमध्ये मी एकटीच. ठराव झाला की मोहित्यांनी पार्कात कुठेही माती टाकू नये आणि फाटकाची किल्ली समितीला परत द्यावी. पत्र मीच टाइप केलं. देणं माझ्यावरच आलं. घरमालकाला असं पत्र द्यायचं म्हणून मी ते तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

चौथ्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून पार्कात आरडाओरडा चालू होता. कंत्राटदाराची माणसं पाइप घेऊन आली होती. अण्णा चरापाशी उभे राहून त्यांना कन्नडमधून सांगत होते की खणायचं तर एका बाजूने खणा, वाट अर्धी तरी ठेवा. त्यांनी ऐकलं नाही. अण्णा दुपारपर्यंत भांडले. मी गॅलरीतून बघत होते आणि, खोटं कशाला बोलू, मला लाज वाटत होती, कारण आजूबाजूचे लोक हसत होते.

पाच वाजता मी पत्र घेऊन खाली उतरले. आज द्यायचंच. फाटकाशी पोचले तर दोघं वाटेवर उभी होती, दोन नंबरच्या अलीकडे, चाफ्याच्या झाडापाशी. अक्का नेहमीसारख्या पुढे, ताठ. पण थांबलेल्या. अण्णा मागे, तोंड उघडत होते आणि तोंडातून नुसती हवा येत होती. भांडून भांडून त्यांचा आवाज पार बसला होता. तेवढ्यात वेंकटेशमूर्तींची मंडळी फेरी संपवून येत होती. अक्कांनी मान किंचित हलवली आणि हसल्या, पण त्या भलतीकडे बघून हसल्या. माणसं डावीकडून येत होती.

अण्णांनी माझा दंड धरला. दोन वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. कानाशी येऊन, घोगऱ्या फुंकरीसारखे दोनच शब्द बोलले. "म्हणा की."

"काय म्हणू?"

"दोन नंबर."

मी अक्कांकडे बघितलं. त्यांच्या पायाकडे बघितलं. उजव्या चपलेच्या टोकाने त्या वाट चाचपत होत्या, अगदी थोडी, कुणाला कळू नये इतकीच. आणि दोन वर्षांतलं सगळं एकदम माझ्यासमोर आलं. फरशीवरच्या खुणा, बंद झालेली रांगोळी, जिन्यातली माझी पावलं, येणारा-जाणारा तो ओढा. मी चुका शोधणारी बाई, माझ्या डोळ्यादेखत रोज एक बाई डोळ्यांशिवाय चालत होती आणि मी तिच्या नवऱ्याला वटवट्या म्हणत होते. मला शरम वाटली. पण तेव्हा शरमायलाही वेळ नव्हता.

"दोन नंबरला पाइनचं झाड," मी मोठ्याने म्हणाले. "तिथून डावीकडं."

अक्कांचं पाऊल क्षणभर अधांतरी राहिलं. मग पडलं. चाफ्याला वळसा घालून त्या डावीकडे वळल्या.

"तीन नंबर लांब हाय. सावकाश." मी अण्णांचाच सूर धरला, त्यांचीच भाषा. वेंकटेशमूर्ती माझ्याकडे बघून थबकले. बाकीचे हसले, की आता ही पण. मी त्यांना हात केला आणि चालत राहिले. चार नंबर, कारंज्याचा कठडा. पाच नंबरला स्वल्प चढ. प्रत्येक वाक्याला अक्कांची पावलं तंतोतंत जुळत होती. शंभर वेळा ऐकलेली ती कंटाळवाणी वाक्यं एकेक करून खरी होत होती. मला ते शब्द जपून उच्चारावेसे वाटायला लागले.

सहा नंबर संपताना अण्णांनी पुन्हा दंड दाबला. चर दिसत होता. त्या माणसांनी तो दुपारी रुंद करून ठेवला होता, नेहमीच्या जागेच्या बराच अलीकडे. फळीही एकच उरली होती, बाजूला सरकलेली. अक्कांच्या हिशेबाने ओढा अजून लांब होता. त्या न थांबता चालत होत्या. पाठ केलेल्या वर्णनात यासाठी काही नव्हतं.

"ओढा आलाय," मी म्हणाले. "वर पाऊस झालाय. ओढा चार पावलं अलीकडं सरकलाय. थांबा."

अक्का थांबल्या. मी पुढे धावले, फळी नीट बसवली, पायाने दाबून बघितली. "पूल अरुंद हाय. उजवीकडं अर्धं पाऊल. आता सरळ, तीन पावलं."

त्या फळीवरून गेल्या तेव्हा मी फळीचं टोक पायाने दाबून धरलं होतं. मागे अण्णा दोन्ही हात पुढे करून उभे होते. त्यांच्या आणि अक्कांच्या मध्ये तो अख्खा चर. अक्का पलीकडे पोचल्या, पदर नीट केला आणि सात नंबर घेतला.

नऊ नंबर झाले. बाकावर बसलो. कोडबळ्यांचा डबा उघडला गेला, मलाही एक मिळालं. मग अक्काच म्हणाल्या, "चांगलं म्हणता. पण चार नंबर घाईत घेतला." मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही.

त्या सांगत होत्या आणि अण्णा समोरच्या गवताकडे बघत होते. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने एक डोळा गेला, मग दुसरा. होसकोट्याला दिलेल्या लेकीला तेवढं माहीत होतं. बाकी कुणाला नको, असं अक्कांनीच सांगितलं होतं. लोक हात धरायला येतात, अरेरे करतात, आणि एकदा अरेरे सुरू झालं की रांगोळीवाली अक्का संपली. तेव्हा अण्णांनी एका रात्रीत विचार करून पार्कावर डोंगर बसवला होता. पावलं मोजून, नंबर लावून. लोक मला येडा म्हणतील, तुला कोण काय म्हणणार नाही, असं म्हणाले होते.

"यांनी तुम्हाला सात नंबरचं अर्धंच सांगितलंय," अक्का म्हणाल्या. "तिथं एक म्हातारा यायचा. डोळे नव्हते त्याला. बायको बरोबर चालायची, तोंडाची टकळी सारखी चालू. यांनी त्या मोरीला विचारलं, ही बाई किती बोलते, नवरा वैतागत कसा नाही? हसले पण होते. मग सात नंबरला त्या म्हाताऱ्यानं बूट काढले. पायानं सगळी हिरवळ तपासली. सगळ्या डोळेवाल्यांचा चेंडू चुकायचा ना तिथं? त्याचा आत गेला. बायको गप्प झाली तेवढ्यापुरती. मग यांनी पण बूट काढले."

मी अण्णांकडे बघितलं. ते वाकून डब्याचं झाकण लावत होते.

मला पत्राची आठवण झाली. पर्समधून काढून मी त्यांच्या हातात दिलं, कारण दुसरं काय करावं ते कळेना. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग त्याच्या चार घड्या घातल्या, वाकून बाकाच्या आखूड पायाखाली सारलं, खिशातून लेव्हल काढून बाकावर ठेवली आणि बुडबुडा बघितला. बाक पहिल्यांदाच डुगडुगायचा थांबला.

किल्ली अण्णांकडेच राहिली. समितीला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. अक्कांचं नाव घेतलं नाही एवढंच सांगते, आणि जे. पी. नगरातला आमचा लेआउट कुठला हेही म्हणूनच सांगितलेलं नाही. पाइप टाकून झाल्यावर चर बुजवायचं काम मी कंत्राटदाराकडून, पुण्याला शोभेल असा तगादा लावून, आठवड्यात करून घेतलं. अण्णांना लेकीकडे जावं लागलं की डोंगर मी म्हणते. चार नंबर आता सावकाश घेते.

परवा तिघं फिरत होतो. अण्णांचा आवाज परत आला आहे, आधीपेक्षा मोठा. मी त्यांच्या मागे होते. मनात आलं म्हणून चपला काढून हातात घेतल्या आणि डोळे मिटले. मागून नुसता आवाज ऐकत चालले. पाइनचं झाड आलं. लांबलचक तीन नंबर आला, धुकं आलं. पाच नंबरचा चढ पोटऱ्यांना कळला. आणि सात नंबरला, दोन वर्षं जी वाट मी सपाट समजत होते, ती माझ्या तळपायाखाली अगदी हळू उजवीकडे उतरली.

मी डोळे उघडले आणि अण्णांना म्हणाले, इथे उतार आहे, उजवीकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग गुडघ्यावर बसून वाटेवर लेव्हल ठेवली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. बुडबुडा थोडा डावीकडे, म्हणजे उंच बाजूला, सरकला आणि थांबला. "सरी," अण्णा म्हणाले आणि माती काढायला त्यांनी खांद्यावरच्या पिशवीत पळी घातली.

अक्का पुढे आठ नंबरला पोचल्या होत्या. तिथे थांबून, मागे न बघता, त्यांनी विचारलं, "काय झालं? माती कमी पडली का?"